जिवंत मयताचा नियम

मिलिंद, परवा तुझ्या घरी तुझ्यामागचा जलदानाचा कार्यक्रम झाला. पाहुणे पांगल्यावर तुझ्या चुलतभावाने माझ्यासमोर एक कोरा अर्ज ठेवला आणि म्हणाला, "ताई, तुमी कम्प्युटर शिकवता ना, तुमीच भरा." तुझ्या मृत्यूची नोंद करायची होती. पहिल्याच ओळीत छापलं होतं, मयताचे नाव. मी तुझं नाव लिहिलं, बापाचं लिहिलं, गाव आंबागड, वय चौतीस. मयत हा शब्द तूच माझ्या अंगवळणी पाडला होतास. वारला नाही, निधन पावला नाही, कैलासवासी तर नाहीच. कचेरीत माणूस फक्त मयत होतो, असं तू सांगायचास. आपल्या संगणकावरच्या खेळातही राजा मेला की पडद्यावर तोच शब्द उमटायचा. मी म्हणायचे, अरे, राजा आहे तो, त्याला जरा बरा शब्द दे. तू म्हणायचास, "मेल्यावर राजा कायचा वं? मंग तो अर्जदारांचा बाप."

मी आज तुझे गुण गायला बसलेले नाही. तुझ्याशी एक भांडण अर्धवट राहिलं आहे, आणि एक खोटं मी तुझ्याशी बोलले आहे. तुझा नियम मी खेळातून काढून टाकला होता. काढला हे तुला सांगितलं नाही. तू गेलास तेव्हाही तुला ते माहीत नव्हतं.

चार वर्षांपूर्वी तू माझ्या वरठीच्या क्लासमध्ये आलास तो एक्सेल शिकायला. तालुक्याच्या कचेरीच्या व्हरांड्यात तुझं टेबल होतं, लोकांचे अर्ज लिहून द्यायचं काम. त्यातही वारसनोंदीचे अर्ज जास्त. घरचा माणूस मेला, आता सातबाऱ्यावर कोणाकोणाची नावं चढवायची, त्याची वंशावळ काढायची, प्रतिज्ञापत्र करायचं, सह्या-अंगठे घ्यायचे. दुसऱ्याच आठवड्यात तू एक्सेल सोडलंस आणि माझ्या मागच्या खोलीतल्या संगणकावर डोकावलास. तिथे माझा अर्धामुर्धा खेळ चालू होता, 'झाडीचं राज्य'. जुन्या काळचा गड, तलाव, धानाची बांधी, जंगल, शेजारचा राजा आणि त्याच्याशी लढाया. तू अर्धा तास नुसता बघत राहिलास. मग विचारलंस, "राजा मेला तं?"

"तर खेळ संपला."

"असा कसा संपते? खरा खेळ तं तेव्हाच सुरू होते."

मी म्हटलं, बरं, मग मोठ्या मुलाला गादीवर बसवू, एका ओळीचं काम आहे. तू एवढा हसलास की बाहेर टायपिंग करणाऱ्या मुली वळून बघायला लागल्या. "एका ओळीत झालं असतं तं मी कधीचाच उपाशी मेलो असतो," म्हणालास.

त्या दिवसापासून लढाया माझ्याकडे आणि मरण तुझ्याकडे, अशी वाटणी झाली. मागच्या खोलीत जमिनीवर खाकी कागद पसरून आपण राजघराणं मांडायचो. माणसांसाठी चिंचोके. अख्खा चिंचोका जिवंत, फोडलेला मयत. पंखा लावायची सोय नव्हती, कागद उडायचा, त्यामुळे एप्रिलमध्ये तुझा घाम टपटप राण्यांवर पडायचा. माझा नवरा प्रवीण कारखान्यातून पहिली पाळी करून यायचा आणि बूट काढता काढता विचारायचा, "आज कोन मेलं?" एकदा बोलायच्या नादात तो एका अख्ख्या राजवंशावरून चालत गेला. तू खाली वाकून एकेक माणूस पुन्हा जागेवर ठेवत राहिलास, आणि एक धाकटा राजपुत्र कपाटाखाली गेला होता तो सापडेपर्यंत तू जेवायला उठला नाहीस.

तुझे सगळे नियम त्या टेबलावरून आलेले. राजा मेला की आपल्या खेळात लगेच नौबत झडत नाही. आधी कारकून येतो आणि घराण्याची यादी करायला बसतो. त्या यादीत कोण आणि कोण नाही, यावरून अर्धं राज्य हलतं. धाकट्या राणीचा मुलगा मोठ्या राणीच्या मुलाआधी जन्मलेला असेल तर काय? पुतण्याला दत्तक घेतलं, सगळ्या गावाने पाहिलं, पण कागदच केला नाही, तर काय? बहिणीने हक्क सोडला की तिला साडी द्यायची, आणि साडी दिली नाही तर तिच्या मुलाच्या मनातला राग एका आकड्याने वाढायचा. हे मी हसत हसत लिहिलं. तू हसत नव्हतास. "रोज पाह्यतो मी," म्हणालास. "साडी देतेत, चहा पाजतेत, अन् अंगठा घेतेत."

तुला सिकलसेल आहे हे मला वर्षभराने कळलं, तेही तुझ्या तोंडून नाही, तुझ्या नियमातून. प्रत्येक राजपुत्राच्या नावासमोर तू एक नवा रकाना टाकलास, रक्तातला आजार. अर्धा आईकडून, अर्धा बापाकडून. दोन्ही अर्धे एकाच लेकरात आले तर तो राजा कधीही जाऊ शकतो, आणि खेळ त्याची आगाऊ सूचना देणार नाही. मी म्हटलं, खेळणाऱ्याला थोडी तरी खबर दिली पाहिजे, नाहीतर त्याला तो अन्याय वाटेल. तू म्हणालास, "खबर कोनाले भेटते वं?" आणि मग सांगितलंस. "मायबापाकून मले हे एकच बरोबर अर्ध्या-अर्ध्या वाट्यानं भेटलं. वाटणीत भांडन झालं नाई." एवढं बोलून तू पुढचा चिंचोका फोडायला घेतलास.

एकदा तू आम्हा दोघांना तुमच्या गावचा किल्ला दाखवायला नेलंस. चढ सुरू झाला आणि तुझे गुडघे धरले. तू वाटेतच एका दगडावर बसलास आणि आम्हाला म्हणालास, तुम्ही जा. आम्ही वर गेलो, बुरूज बघितले, फोटो काढले. परत आलो तर तू वहीत काहीतरी लिहीत बसला होतास. मी विचारलं, काय लिहिलंस? "वर राजा मेला तं खाली गावात ते किती दिवसांनी कळत असन, याचा अंदाज काढून राहिलो," म्हणालास. किल्ला बघायला नेणारा माणूस किल्ल्यावर आलाच नाही, आणि खेळातलं सगळ्यात चांगलं प्रकरण त्या दगडावर झालं. गावात उशिरा पोचणाऱ्या बातम्यांचं ते प्रकरण मी एक अक्षरही न बदलता ठेवलं आहे.

आता माझं सांगते. तुला ठाऊक होतं, पण त्याशिवाय पुढचं लिहिता येणार नाही. माझं माहेर विणकरांचं, घरात चार माग, गावाबाहेर थोडी धानाची शेती. बारा वर्षांपूर्वी मी प्रवीणशी लग्न केलं. तो बौद्ध, आम्ही कोष्टी, आणि माझ्या बाबांनी दारात उभं राहून सांगितलं की मुलगी आम्हाला मेली. त्यानंतर आई आणि थोरला भाऊ, ज्याला मी दादा म्हणते, यांनीही दार लावून घेतलं. सहा वर्षांपूर्वी बाबा गेले ते मला बाजारात एका ओळखीच्या बाईकडून चौथ्या दिवशी कळलं. मी गेले नाही. कोणी बोलावलं नव्हतं, आणि न बोलावता जायची माझी छाती झाली नाही.

हे मी तुला एका उन्हाळ्यात चहा पिताना सांगितलं. बोलता बोलता बाबांचं पूर्ण नाव निघालं, गावाचं नाव निघालं. तू कप खाली ठेवलास, "येतो" म्हणालास आणि निघून गेलास. चहा अर्धा तसाच. मला वाटलं, दुखायला लागलं असेल. तुझं दुखणं असंच न सांगता यायचं.

त्याच वर्षीच्या पावसाळ्यात एक दुपार अशी आली की लाईट गेली होती, संगणक बंद, आपण दोघं दारात बसलो होतो. तू म्हणालास, एक गोष्ट सांगतो. टेबलावर बसायला लागलास त्या पहिल्याच वर्षी एक माणूस वारसनोंदीसाठी आला. त्याचा बाप मेलेला. तू वंशावळ विचारत गेलास. बहीण आहे का, विचारलंस. तो म्हणाला, "होती. मेली ते." तू तिच्या नावापुढे मयत लिहिलंस. मृत्यूचा दाखला मागायला हवा होता, मागितला नाहीस. गर्दी होती, तू नवा होतास. कागद पुढे गेला आणि नोंद होऊन गेली. काही वर्षांनी एक बाई तुझ्या टेबलासमोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "भाऊ, मी मेली काय?"

तिने घरच्यांच्या मर्जीविरुद्ध लग्न केलं होतं, म्हणून घरच्यांना ती मेली होती. आपल्याकडे बोलायची ही रीतच आहे. भावाने बोलायच्या रीतीने सांगितलं आणि तू लिहायच्या रीतीने लिहिलंस.

"मंग तू काय केलं?" मी विचारलं.

"काईच नाई. मले वाटलं, शिव्या देईन. ते नुसती उभी राह्यली. ते उभी होती तोवर माझ्यानं एकबी अर्ज लिवून झाला नाई."

दुसऱ्या दिवशी तू नवा नियम घेऊन आलास आणि त्याला नावही तूच दिलंस, जिवंत मयत. नवा राजा गादीवर बसताना यादीतल्या कोणाही भावंडापुढे मयत लिहू शकतो. फायदा लगेच, हक्क सांगणारं एक माणूस कमी. पण ते माणूस खेळातून जात नाही. नकाशाच्या वरच्या टोकाला, सीमेवरच्या बपेऱ्याच्याही पलीकडे, कुठेतरी जगत राहतं. आणि कधीतरी, त्याच राजाच्या नाहीतर त्याच्या मुलाच्या काळात, दरबारात येऊन उभं राहतं. फौजफाटा आणत नाही. उभं राहतं, बस. ते उभं आहे तोवर राजाचा एकही हुकूम चालत नाही.

"मग तिला घालवायचं कसं?" मी विचारलं.

"नाव पुन्हा लिवून."

"मग तसं बटण देऊ."

"बटनानं नाई होत. पहिल्या यादीवर ज्याईच्या सह्या होत्या, त्या साऱ्याईच्या पुन्हा लागतेत."

"आणि त्यातलं कोणी मेलं असेल तर?"

तू खांदे उडवलेस. "तेच तं."

यावरून आपण किती भांडलो असू. क्लासच्या पोरांना खेळायला दिलं तर ती बाई दरबारात आली की ती खेळ बंद करून उठायची. मी म्हणायचे, बघ, कंटाळतात. तू म्हणायचास, उठू दे, घरचेही असेच उठून जातात. मी म्हणायचे, सुटका नसलेला नियम हा नियम नसतो, ती शिक्षा असते. त्यावर तू गप्प बसायचास, आणि तुझं गप्प बसणं मला तुझी हार वाटायचं.

आणि त्याच दिवसांत तुझं दुसरं पालुपद सुरू झालं. माझ्या बाबांच्या जमिनीचा फेरफार, म्हणजे त्यांच्यामागे ती कोणाकोणाच्या नावावर चढली ती नोंद, मी कचेरीतून काढून बघावी.

"मले त्याईचं काई नाई पाहिजे," मी म्हणायचे.

"पाहिजे, नाई पाहिजे, ते मंग. काय लिवलं ते तं पाह्य."

"तूच का नाई पाहून सांगत?"

"तू यायले पाहिजे. स्वतः."

दोन महिन्यांपूर्वी तू पुन्हा तेच काढलंस आणि मी फाडकन बोलले. म्हटलं, तुझा तो नियम माझ्या घरावरून आहे, हे न कळायला मी दूधखुळी नाही. माझं घर माझ्या खेळात आणू नको. राजांचा खेळ आहे, राजांचाच राहू दे. तू गाडीवर बसला होतास. म्हणालास, "तुझं घर नाई ते. माझी चूक हाय." मला वाटलं, तू त्या टेबलापुढच्या बाईबद्दल बोलतो आहेस. तू किक मारून निघून गेलास. मी आत आले आणि त्या तिरीमिरीत तुझा नियम खोडून टाकला. दहा मिनिटांचं काम होतं. राग माझा, आणि कारण मात्र पोरांचं दिलं, स्वतःलासुद्धा.

मग तुझं दुखणं उलटलं आणि तू आंबागडला घरी पडून राहिलास. मी तुला खेळ पाठवला, म्हटलं, पडल्या पडल्या तपासून बघ. तिसऱ्या दिवशी तुझा निरोप आला, "तीन राजे झाले. ती आली नाही." मी लिहिलं, "येईल. वेळ लागतो." दोन दिवसांनी पुन्हा, "पाच राजे. अजून नाही." मी लिहिलं, "थांब थोडा." तिसऱ्या वेळी तू काहीच लिहिलं नाहीस, फक्त दरबाराचा फोटो पाठवलास. राजा बसलेला, समोरची जागा रिकामी. मी त्यावर अंगठ्याचं चित्र पाठवलं. क्लासच्या परीक्षा चालू होत्या, त्या संपल्या की येईन असं ठरवलं होतं. त्याच आठवड्यात तुला दवाखान्यात नेताना वाटेतच सगळं संपलं.

परवा अर्ज भरून झाल्यावर तुझी माय माझ्याजवळ येऊन बसली. ती रडत नव्हती, थकली होती. म्हणाली, "आखरीपर्यंत ते मशीनच घेऊन बसला होता वं. मी म्हनो, ठेव बाप्पा आता, डोस्कं दुखन. तं म्हने, ठेवतो, आता येईनच ते. आमाले वाटलं तूच येनार हायेस. मी दोनदा चहा मांडला."

तू जिची वाट बघत होतास तिला मीच खोडून टाकलं होतं.

मग तिने तुझी बॅग आणून दिली. संध्याला द्यायची, असं तू सांगून ठेवलं होतंस म्हणे. आत वह्या होत्या, चिंचोक्यांची डबी होती, आणि एका पाकिटात कागद. माझ्या बाबांच्या जमिनीच्या फेरफाराची नक्कल आणि तिला जोडलेली वंशावळ. नक्कल काढल्याची तारीख त्या अर्ध्या चहाच्या आठवड्यातली. वंशावळीत प्रत्येक नावापुढे वय लिहितात. आईच्या नावापुढे वय होतं. दादाच्या नावापुढे वय होतं. माझ्या नावापुढे मयत. खाली दादाची सही, तिच्याखाली आईची. आईला वाचता येत होतं. आणि अक्षर तुझं होतं. तुझा य मी कुठेही ओळखीन, शेपूट खाली ओढलेला. खाकी कागदावर चार वर्षं मी तोच य बघत आले.

तेव्हा तू मला ओळखतही नव्हतास. गर्दी होती, तू नवा होतास, एक माणूस म्हणाला, बहीण मेली. तुझ्या टेबलासमोर कोणतीही बाई कधी येऊन उभी राहिली नव्हती, मिलिंद. ती मी होते. मी यावं, कागद बघावा आणि तुला विचारावं, म्हणजे मग तुला सांगता येईल, यासाठी तू थांबला होतास. आणि मी येत नव्हते.

तू भित्रा होतास. मेलेल्या माणसाला असं लिहू नये म्हणतात, पण मी लिहिणार. इतके राजे मारलेस, इतक्या राण्यांना न्याय दिलास, आणि तुझ्याच्याने एक वाक्य बोलवलं नाही. संध्या, मी तुला मयत लिहिलं. एवढंच वाक्य होतं. मी तुला माफ केलं असतं असं आज लिहिणं सोपं आहे. केलं नसतं. ती डबी तुझ्या अंगावर फेकली असती, क्लासमधून हाकलून दिलं असतं, महिना-दोन महिने तोंड बघितलं नसतं. मग बहुतेक तूच येऊन दारात उभा राहिला असतास आणि मी कुरकुरत चहा ठेवला असता. हे सगळं व्हायला हवं होतं. ते तू होऊ दिलं नाहीस, आणि तुझा नियम चालताना मी तुला बघू दिला नाही. दोघांनीही लपवलं, म्हणून माझं दुःख काही निम्मं होत नाही.

आणि तरी, ज्या घरात मी जन्मले त्या घराने मला कागदावर मारलं, आणि तू, ज्याच्या हातून ते लिहिलं गेलं, त्याने त्या चुकीसाठी एक अख्खं राज्य रचलं. मयत लिहिलेली बाई दारात आली की राजालासुद्धा तिथे गप्प बसावं लागतं. असं कोणी कोणासाठी केलेलं मी पाहिलेलं नाही. हे मी तुझ्या तोंडावर म्हटलं असतं तर तू लाजून विषय बदलला असतास. आता बदलता येत नाही, म्हणून लिहून ठेवते.

काल क्लासला सुट्टी दिली आणि तुझ्या वहीतून नियम पुन्हा उतरवला. दुपारी खेळ चालू केला. पहिला राजा मेला, त्याच्या मुलीच्या नावापुढे मी मयत लिहिलं. नव्या राजाच्या सातव्या वर्षी ती आली. दरबाराच्या मधोमध उभी राहिली. मी तलाव बांधायचा हुकूम दिला, झाला नाही. फौज सीमेवर न्यायची म्हटली, हलली नाही. पोरं जशी उठून जायची तशी मी उठले नाही. खूप वेळ तिच्याकडे बघत बसले, आणि मग फोन उचलून दादाचा नंबर लावला. बारा वर्षांपूर्वीचा नंबर, लागेल असं वाटलं नव्हतं.

"कोन?"

"संध्या."

मागे मागाची खटखट ऐकू येत होती, ती थांबली.

"वाटा पाहिजे का?" त्याने विचारलं.

"नाई. बाबांच्या कागदावर माझ्या नावापुढे मयत लिवलं हाय. ते बदलून पाहिजे."

"बाबा तसंच म्हनत होते, पोरगी मेली. मीबी तसंच सांगितलं. त्या अर्जवाल्यानं लिवून टाकलं. मले नंतर दिसलं, पन मंग मी काई बोललो नाई."

"आता बदलाचं."

"बदलाले साऱ्याईच्या सह्या लागतीन." तो थांबला. "आईची कुठून आनू?"

मी विचारलं, आईला काय झालं.

"पोळ्याच्या आधी गेली." मग आवाज आणखी खाली आला. "तुले सांगाले निघालो होतो मी. वरठीच्या रेल्वे फाटकापर्यंत आलो. गाडी जात होती, फाटक बंद होतं. ते उघडलं, तं मी वापस गेलो."

माग पुन्हा सुरू झाला नव्हता.

"आईच्या मांगची नोंद करायची राह्यलीच हाय," तो शेवटी म्हणाला. "मांगच्या वेळी करून देनारा तो पोरगा बसते का अजून व्हरांड्यात?"

"नाई. तो बी गेला."

"मंग कोनाकून लिवून घेऊ?"

आई गेली हे मला कळून पाच मिनिटंही झाली नव्हती. "पेन घे," मी म्हणाले, आणि तू ज्या क्रमाने सांगायचास त्याच क्रमाने त्याला सांगायला लागले. आईच्या मृत्यूचा दाखला. सातबारा. दोघांचे आधार. प्रतिज्ञापत्र, साध्या कागदावर चालायचं नाही. मग वंशावळ. वर आईचं नाव, त्यापुढे मयत. खाली दादाचं. तो एकेक शब्द पुटपुटत लिहीत होता.

"अन् तुझं?"

"माझं त्याच्या खाली."

"लिवलं," दादा म्हणाला. "नावापुढं काय लिवू?"

"वय," मी म्हणाले. "अडतीस."